‘पिक अप’ची वही

कापसाच्या गाडीत बसून आलं की स्वेटरला कापूस चिकटतो. तो गोळा करायला आपण गेलेलो नसतो. घरी आल्यावर आई म्हणते, "काय व, अर्धा कापूस तर तूच घर लई उनी!" आमच्या वर्गातले किस्से मला असेच चिकटले आहेत. फक्त ते मी झटकले नाहीत. एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवले. वही माझ्याकडे आली, कारण वर्गात माझं अक्षर चांगलं आहे. बोलणं नाही!

आमचं हायस्कूल शहादा-तळोदा रस्त्यावरच्या एका गावात आहे. इंग्रजीला बोरसे मॅडम. दहावीचं वर्ष सुरू झालं तेव्हा त्यांनी एक दिवस फळ्यावर दोनच शब्द लिहिले, ‘पिक अप’. आणि विचारलं, "अर्थ?"

"उचलणे!" पुढचा बाक म्हणाला.

"बसस्टॉप!" मधला बाक म्हणाला.

"मॅडम, ती गाडी असते. मिरची भरतात त्यात," मागून आवाज आला.

"गाडी नाही, गाडीचा दम!" त्याच्याही मागून आला.

मॅडम हसून म्हणाल्या, "चौघंही बरोबर. डिक्शनरीत याचे अर्थ मोजता मोजता माझं बोट थकलं. पण मला डिक्शनरीतलं नको."

मग त्यांनी नियम सांगितला. दर शनिवारी शेवटच्या तासाला रोल नंबरप्रमाणे एकेकाने पुढे यायचं. ‘पिक अप’ कुठे भेटला तो आपल्या आयुष्यातला किस्सा उभं राहून सांगायचा. किस्सा खरा हवा. "गाईडमधलं वाक्य आणाल तर तुमच्याऐवजी गाईडला अंगठे धरून उभं करेन!"

वर्गात आम्ही अठ्ठावीस. वहीत अठ्ठावीस किस्से भरले, तर तोरणमाळला सहल. एक जरी कमी पडला, तर नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र हिशोब करत होते. आमच्या हजेरीत आधी मुलगे, मग मुली, नावाच्या अक्षराप्रमाणे. मी वैशाली. नंबर अठ्ठावीस. म्हणजे सगळ्या वर्गाची सहल माझ्या घशात अडकली होती!

*

सगळे किस्से इथे मावणार नाहीत, म्हणून नंबर सोडून आठवतील तसे सांगते. पहिला नंबर मात्र अमोलचाच. अमोलला दोन मिनिटं बोल म्हटलं तर तास संपतो.

त्याच्या गावाला रस्त्यावर पिकअप शेड आहे. पक्की भिंत, पत्रे, बसायला कट्टा, सगळं आहे. एसटी तेवढी तिथे थांबत नाही! ती चाळीस पावलं पुढे लिंबाच्या झाडाखाली थांबते, कारण शेड बांधायच्या आधीपासून ती तिथेच थांबते. त्यामुळे माणसं झाडाखाली आणि शेडमध्ये अमोलच्या बकऱ्या. दुपारी बारा ते चार त्या तिथे सावलीला असतात.

एकदा अमोलच्या आजोबांनी ठरवलं, आज शेडमध्येच उभं राहायचं. हा आपला हक्क आहे! ते बकऱ्यांच्या मधोमध हात वर करून उभे राहिले. बस पुढे गेली, झाडाखाली थांबली. आजोबा धापा टाकत पोचले आणि कंडक्टरवर ओरडले, "शेड काय शोभाले बांधेल शे का?"

कंडक्टर शांतपणे तिकीट फाडत म्हणाला, "बाबा, त्या शेडमा बकऱ्या बशेल शेतस. त्यासनं आज अर्धं तिकीट फाडं, तर उद्या त्या सीट मांगतीन!"

आजोबा तेव्हापासून झाडाखाली उभे राहतात. बकऱ्यांनी मात्र जागा सोडलेली नाही.

*

जितूच्या काकांनी सेकंडहँड मोटारसायकल घेतली. "पिकअप काय भारी शे!" हे वाक्य ते भेटेल त्याला ऐकवायचे. एकदा काकूंना मागे बसवून ते धडगावला नातेवाईकांकडे निघाले.

तळोद्यापर्यंत पिकअप भारीच होता. घाट लागला आणि गाडी खोकायला लागली. पहिल्या वळणावर काका म्हणाले, "तू जरा खाली उतर. वर जाऊन थांबतो." काकू उतरल्या. चालत वर गेल्या, परत बसल्या. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. तिसऱ्या वळणावर काकू खाली उतरल्या आणि मागून भाड्याची जीप आली. त्यांनी हात केला आणि जीपमध्ये बसल्या.

वरच्या वळणावर काका गाडीच्या आरशात भांग पाडत वाट बघत होते. जीप शेजारून गेली. काकूंनी आतून त्यांना टाटा केला!

काका धडगावला पोचले तेव्हा काकूंचा दुसरा चहा चालू होता. नातेवाईकांनी विचारलं, "गाडी कशी शे मग?"

काकू म्हणाल्या, "पिकअप भारी शे. फक्त तिनावर कोणी बसाले नको!"

*

गणेशचा किस्सा सगळ्यात लहान. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी मॅडमना पिक अप केलं."

झालं होतं असं, की उसाच्या ट्रॉल्यांमुळे पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडचा रस्ता तुंबला होता. मॅडमची बस अडकली आणि त्या उतरून चालत निघाल्या. मुख्याध्यापकांनी गणेशला सायकल देऊन पाठवलं.

"मग?" वर्गाने विचारलं.

गणेश खाली बसायला निघाला. मॅडमच म्हणाल्या, "पुढचंही सांग."

"मॅडमना डबल सीट न्यायला मला जमेना. हँडल हलत होतं."

"आणि?"

"आणि मग मॅडमनी सायकल चालवली. मी मागे बसलो."

मॅडमनी माझ्याकडे बघून सांगितलं, "वैशाली, हा किस्सा माझ्या नावावर लिही. गणेशने पुढच्या शनिवारी दुसरा आणायचा!"

*

रेखा आमच्या वर्गात आठवीपासून आहे. वसतिगृहात राहते. तिचं गाव धडगावच्याही पुढे, वर डोंगरात. घरी ती पावरी बोलते आणि मराठी अशी नीट, सावकाश बोलते, की आम्हालाच आपली लाज वाटते.

तिच्या गावात मोबाईलला नेटवर्क नाही. फक्त एका टेकाडावर, एका महूच्या झाडापाशी येतं. म्हणून एक फोन तिथेच फांदीला पिशवीत टांगलेला असतो. रिंग वाजली की जो कोणी वाटेने जात असेल त्याने फोन उचलायचा, निरोप ऐकायचा आणि ज्याचा त्याला पोचवायचा. ही गावाची रीतच आहे.

अमोलने विचारलं, "फोन चोरीला जात नाही?"

रेखा म्हणाली, "नेणार कुठे? खाली नेला की नेटवर्कच नाही."

मागच्या थंडीत तिने झाडाला फोन केला. कोणीतरी उचलला. ती म्हणाली, "माझ्या घरी सांगा, मला रात्री थंडी वाजते. एक गोधडी पाठवा." समोरचा माणूस "हो" म्हणाला आणि निघाला. पण रेखाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. वाटेत जो भेटला त्याने विचारलं, कोणाचा फोन? याने सांगितलं, आपल्या रेखाला थंडी वाजते.

तीन दिवसांनी वसतिगृहाच्या दारात जीप उभी राहिली. ड्रायव्हरने आत डोकावून विचारलं, "इथे किती पोरी आजारी आहेत? माझ्याकडे नऊ गोधड्या आणि एक कोंबडी आहे!"

वसतिगृहाच्या बाईंनी गोधड्या आत घेतल्या. कोंबडीकडे बघून म्हणाल्या, "हिला कोणत्या रजिस्टरला लिहू?"

त्या थंडीत वसतिगृहातली एकही मुलगी कुडकुडली नाही. रेखा शेवटी म्हणाली, "आठ गोधड्या कोणाच्या ते कळलं. नववी कोणाची ते अजून कळलं नाही. म्हणून मी गावी गेले की सगळ्यांनाच थँक्यू म्हणते."

हे लिहिताना मी पान उलटायचं विसरले आणि शेवटची ओळ बाकावर लिहिली.

*

आमचे गणिताचे माने सर साताऱ्याकडचे. इथे आले तेव्हा त्यांना अहिराणी अजिबात कळायची नाही. पण दोन महिन्यांत त्यांनी ती पिक अप केली. शिकवणी लावली नाही, पुस्तक घेतलं नाही. रोज संध्याकाळी शहाद्याच्या बाजारात भाजी घ्यायला जायचे, तेवढंच. त्यामुळे सरांची सगळी अहिराणी भाजीवालीची होती!

एकदा शाळा तपासायला साहेब आले. दीपाली तेव्हा पाण्याचे ग्लास घेऊन ऑफिसात उभी होती, म्हणून हा किस्सा तिच्या नावावर. साहेब घाईत होते. निकालाचं रजिस्टर वरवर बघून उठायला लागले. माने सरांना वाटलं, आपण आपुलकीने दोन शब्द इथल्या भाषेत बोलावेत. ते पुढे होऊन म्हणाले, "बठ ना भो! काय घाई शे तुले? हात लाई देख, इतला ताजा माल दुसरीकडे भेटाव नही!"

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले.

साहेब मूळचे धुळ्याकडचे निघाले. ते परत खुर्चीत बसले, रजिस्टर पुढे ओढलं आणि म्हणाले, "मग पाव किलो मोजी दे!"

*

यशच्या मामांकडे पिकअप गाडी आहे. पहाटे ती वाळलेली लाल मिरची घेऊन नंदुरबारच्या मार्केटला जाते. मामांच्या मुलाच्या लग्नाच्या दिवशीही गेली. तिथून रिकामी होऊन आली, पाणी मारून धुतली आणि ताडपत्री बांधून त्याच गाडीत नवऱ्याकडच्या बायका बसल्या. नवरदेवाची गाडी ऐनवेळी बंद पडली, म्हणून नवरदेवही त्यातच चढला.

गाडीला पाणी मारलं होतं. ताडपत्रीला मारलं नव्हतं!

मांडवापाशी बँड सुरू झाला आणि गाडीतून वऱ्हाड उतरलं. सगळ्यांचे डोळे लाल, नाकाला पदर, गालांवरून धारा. नवरदेव तर हुंदके देत होता. मुलीकडच्या बायका आरती घेऊन उभ्या होत्या, त्या घाबरल्याच. मुलीच्या मावशी पुढे झाल्या. "अहो, रडानं काम आमनं शे! तुम्ही काब्रं रडी ऱ्हायनात?"

यशची मामी शिंकांमधून एवढंच म्हणू शकली, "मिरची... मिरची..."

मावशींनी आत जाऊन सांगितलं, "माणसं लई हळवी शेतस व. पण जेवण तिखट नको म्हणी ऱ्हायनात!"

त्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत. एकच माणूस हसतोय, ड्रायव्हर. तो पुढे काचा लावून बसला होता!

*

असे करत सत्तावीस झाले. गणेशचा दुसराही झाला. आता फक्त मी.

पहिल्या शनिवारी मी उभी राहिले. वर्ग माझ्याकडे बघत होता आणि मी डस्टरकडे. घंटा झाली.

दुसऱ्या शनिवारी मला ताप आला. खरंच आला.

मग सगळ्यांनी मला मदत करायचं ठरवलं. अमोल म्हणाला, "माझ्याकडे बकऱ्यांचे अजून तीन किस्से आहेत, एक घेऊन टाक." जितूने काकांची गाडी देऊ केली. दीपालीने तर हातच जोडले, "दोन मिनिट बोल व माय! मंग जिंदगीभर गप बस, आम्ही काही म्हणाव नहीत!" पण दुसऱ्याचा किस्सा आपला म्हणून कसा सांगायचा? आणि माझ्याकडे एक होता. तो मी कोणालाच सांगितला नव्हता. घरीसुद्धा.

तिसऱ्या शनिवारी मॅडम म्हणाल्या, "वैशाली, गाडीवाला विचारतोय. मला आज हो किंवा नाही सांगायचं आहे."

मी पुढे गेले. डस्टरकडे बघतच म्हणाले, "मागच्या वर्षी आपण सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो. येताना मी तुमच्याबरोबर नव्हते."

अमोल म्हणाला, "होतीस की!"

"नव्हते."

यात्रेला आम्ही दोन पिकअपमधून गेलो होतो. एकीत मुलगे, एकीत मुली. परत निघायच्या वेळी मी तिथल्या घोडेबाजारात घोडे बघत राहिले. एक माणूस एका घोडीची आयाळ विंचरत होता, तेही इतक्या हलक्या हाताने, की माझी पावलंच उचलेनात. वळून बघितलं तर आपल्या गाड्या निघालेल्या. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. गाड्या पुलाकडे वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

"मग?" कोणीतरी विचारलं.

"मग मी रस्त्यावर उभी राहिले आणि येणाऱ्या पहिल्या पिकअपला हात केला. आतमध्ये घोडा होता."

तळोद्याचे एक काका-काकू घोडा विकत घेऊन चालले होते. घोडा नवा होता, घाबरून थरथरत होता. काकू मागे त्याचा दोर धरून बसल्या होत्या. त्यांनी मला वर ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "बठ व पोरी. पण गप बशानं नही. बोलत ऱ्हाय. त्याले आवाज लागस, नहीतर तो उडी मारी!" काकूंचा स्वतःचा घसा यात्रेत बसला होता.

"म्हणजे तू घोड्याशी बोललीस?" दीपालीचा विश्वास बसेना.

"आपल्या शाळेपर्यंत. आधी पाढे म्हटले. तीसपर्यंतचे संपले. मग कविता म्हटल्या. मग तुमची सगळ्यांची नावं सांगितली, कोण कसं आहे ते."

"माझ्याबद्दल काय सांगितलंस?" अमोलने लगेच विचारलं.

"खूप बोलतो, असं. त्यावर त्याने मान हलवली."

वर्ग हसत सुटला. हसणं थांबेपर्यंत मला कळलं, की मी डस्टरकडे बघायचं केव्हाच सोडलं आहे.

पण मॅडम हसत नव्हत्या. "वैशाली, किस्सा खरा हवा. मी निघताना स्वतः डोकी मोजली होती. पंधरा मुलगे, तेरा मुली. बरोबर अठ्ठावीस!"

मी काही बोलणार तेवढ्यात रेखा उभी राहिली. "मॅडम, त्या आजी?"

"कोणत्या आजी?"

"डोक्यावरून शाल घेतलेल्या. आम्ही सगळ्यांनी थंडीने तसंच गुंडाळलं होतं. त्या आमच्यात बसल्या होत्या."

"त्या तुझ्या आजी नव्हत्या?"

"नाही. मला वाटलं, दीपालीच्या."

दीपाली ओरडली, "मले वाटनं, मॅडमनी आई शे!"

मॅडम खुर्चीवर बसल्या. आमच्याकडे पिकअप दिसली की वाटेवरचं माणूस चढतंच. चढणारा विचारत नाही आणि बसलेले विचारत नाहीत.

"शहाद्याच्या फाट्यावर मी गाडीत भजी दिली होती," मॅडम हळूच म्हणाल्या. "अठ्ठावीस पुड्या. बरोबर संपल्या."

"आजींनी खाल्ली," रेखा म्हणाली. "मिरच्या दोन जास्त मागून घेतल्या. मग उतरल्या आणि म्हणाल्या, सुखे जा पोरीहो."

म्हणजे माझी भजी कोणी खाल्ली, ते मला एका वर्षाने कळलं!

"पण शाळेत आल्यावर मी परत मोजलं!" मॅडम उठल्या. "तेव्हाही अठ्ठावीस होते!"

"तेव्हा मी होते, मॅडम. तुम्ही भज्यांसाठी थांबलात. घोड्याची गाडी कुठेच थांबली नाही. मला गेटवर सोडलं. तुमच्या गाड्या आल्या, सगळ्या उतरल्या, रांग लागली. मी शेवटी उभी राहिले. माझा नंबर तोच असतो."

मग मॅडमनी पर्समधून फोन काढला, नंबर लावला. "हो, बोरसे मॅडम बोलतेय. तोरणमाळची गाडी पक्की करा. किती मुलं? अठ्ठावीस..." त्या थांबल्या. आमच्यावरून एकदा नजर फिरवली. "नाही, मी परत मोजून सांगते!"

बाक वाजायला लागले. फोन ठेवून मॅडम माझ्यापाशी आल्या.

"वैशाली, एवढं झालं आणि तू मला तेव्हाच सांगितलं का नाहीस? मी गेटवर मोठ्याने विचारलं होतं, कोणी मागे राहिलं का म्हणून!"

"मॅडम," मी म्हणाले, "मी तर सगळ्यांच्या आधी पोचले होते."